टोलनाक्यावरची रांग: इनहेरिटन्स आणि इंटरफेसची गोष्ट

(या भागाचा लिखित मजकूर. बोलताना झालेली पुनरुक्ती काढली आहे, बाकी जसंच्या तसं.)

आजचा विषय तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाठ केलेला आहे. कॅम्पस इंटरव्ह्यूला गेलात की एक प्रश्न हमखास येतो: क्लास आणि इंटरफेस यात फरक काय? उत्तरही ठरलेलं. जावामध्ये क्लास एकच एक्स्टेंड करता येतो, इंटरफेस कितीही इम्प्लिमेंट करता येतात. समोरचा मान हलवतो आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतो. पण हे असं का आहे? भाषा बनवणाऱ्यांना दोन वेगळ्या गोष्टी का लागल्या? एकीत भागलं नसतं का? याचं उत्तर इतिहासात आहे, आणि तो इतिहास खरोखरच एका टोलनाक्यावर सुरू होतो.

तो टोलनाका दहिसरचा नाही. पण दहिसरचा घेतला तरी चालेल. मी दिंडोशीत राहतो. इथल्या मेट्रो ७ च्या स्टेशनवरून खाली वेस्टर्न एक्सप्रेस हायवे दिसतो, तो धरून उत्तरेला गेलं की बोरिवलीनंतर दहिसरचा नाका लागतो. त्या नाक्यावरची रांग डोळ्यांसमोर आणा. ट्रक आहे, एसटी आहे, कुणाची स्विफ्ट आहे, दुधाचा टँकर आहे. रांगेच्या दृष्टीने या सगळ्यांचं काम एकच: माझ्या पुढे कोण, माझ्या मागे कोण, एवढं प्रत्येकाला ठाऊक हवं. तुमच्या गाडीला चाकं किती, आत दूध आहे की वऱ्हाड, याच्याशी रांगेला काही देणंघेणं नाही.

आता चला ऑस्लोला. साल १९६६. नॉर्वेजियन कम्प्युटिंग सेंटरमध्ये क्रिस्टन निगार्ड आणि ओले-योहान डाल हे दोघं सिम्युला नावाची भाषा बनवत होते. नावातच सिम्युलेशन आहे. बंदर, कारखाना, रस्ता अशा गोष्टी कम्प्युटरमध्ये चालवून बघायच्या, म्हणजे खरी गर्दी होण्याआधी अंदाज येतो. त्यांच्या चर्चेतलं एक उदाहरण होतं पुलावरच्या टोलनाक्याचं. रांगेत ट्रक, बस, गाड्या. आणि अडचण अशी की ट्रकचा कोड लिहिला, बसचा लिहिला, तर ‘पुढे कोण, मागे कोण’ हा मजकूर प्रत्येकात पुन्हा लिहावा लागत होता. कॉपी-पेस्टचा कंटाळा तेव्हाच्या लोकांनाही यायचाच.

मार्ग सुचला तो टोनी होअर यांच्या कामावरून. त्याच वर्षी फ्रान्समधल्या एका उन्हाळी वर्गात होअर यांनी रेकॉर्ड क्लास आणि त्यांच्या पोटविभागांची कल्पना मांडली होती. डाल आणि निगार्ड यांनी ती उचलली आणि वर्षाच्या अखेरीस वेगळ्याच रूपात आणली. ‘पुढे कोण, मागे कोण’ एवढंच जाणणारा एक छोटा क्लास करायचा, त्याला म्हणायचं लिंक. मग ट्रकचा क्लास लिहिताना त्याच्या आधी लिंकचं नाव लिहायचं. दोन्ही मजकूर जोडून एक ऑब्जेक्ट करायचं काम कंपाइलरचं. याला ते प्रीफिक्सिंग म्हणत, म्हणजे नावाआधी नाव लावणं. इनहेरिटन्स हा शब्द नंतर रूढ झाला. मे १९६७ मध्ये ऑस्लोजवळ लिसेबूला झालेल्या परिषदेत त्यांनी हे मांडलं, आणि सिम्युला ६७ जन्माला आली. तुमच्या फोनमधल्या जवळजवळ प्रत्येक अॅपच्या कोडमध्ये या रांगेचा अंश आहे.

आता इथे जरा थांबू, कारण सगळी गंमत इथेच आहे.

ट्रकच्या आधी लिंक लिहिल्यावर ट्रकला दोन गोष्टी मिळाल्या. पहिली, लिंकचा कोड फुकटात मिळाला. दुसरी, ट्रकला रांगेत उभं राहण्याची परवानगी मिळाली, कारण रांग म्हणते, जो लिंक आहे तो चालेल. या दोन गोष्टी एक नाहीत. आजोबांची गिरणगावातली खोली वारशाने मिळणं वेगळं, आणि रेशनकार्डावर नाव आहे म्हणून दुकानदाराने धान्य देणं वेगळं. दुकानदाराला खोलीशी काय करायचंय? तो कार्ड बघतो. पण सिम्युलात खोली आणि कार्ड एकाच गाठोड्यात आले. खोली घेतल्याशिवाय कार्ड नाही आणि कार्ड घेतल्याशिवाय खोली नाही. १९६७ मध्ये यात काही चूक दिसायचं कारणच नव्हतं, उलट केवढी सोय झाली! गाठ सुटायला पुढची जवळजवळ तीस वर्षं लागली.

मधल्या काळात मतभेद होतेच. कॅलिफोर्नियात झेरॉक्सच्या पार्क प्रयोगशाळेत अॅलन के यांनी स्मॉलटॉक बनवली. ऑब्जेक्ट-ओरिएंटेड हा शब्दच त्यांचा. पण १९७२ च्या पहिल्या स्मॉलटॉकमध्ये त्यांनी इनहेरिटन्स मुद्दाम ठेवलं नव्हतं. त्यांच्या लेखी महत्त्व होतं ऑब्जेक्टांनी एकमेकांना निरोप पाठवण्याला. इनहेरिटन्स आलं ते १९७६ च्या आवृत्तीत. म्हणजे ज्या माणसाने ‘ऑब्जेक्ट-ओरिएंटेड’ हे नाव दिलं, त्याच्या पहिल्या भाषेत आपण पाठ करतो त्या चार खांबांपैकी एक नव्हताच. पुढच्या वेळी कुणी ‘ओओपीचे चार खांब सांगा’ म्हटलं तर हे आठवा. सांगू नका, फक्त आठवा.

दुसरीकडे ब्यार्न स्ट्रूस्ट्रुप. केंब्रिजला पीएचडी करताना त्यांनी सिम्युला वापरली होती आणि आवडली होती, पण ती फार संथ होती. बेल लॅब्जमध्ये १९७९ पासून त्यांनी सी भाषेत सिम्युलासारखे क्लास आणायला सुरुवात केली, त्याची झाली सी++. आणि १९८९ च्या २.० आवृत्तीत आलं मल्टिपल इनहेरिटन्स, म्हणजे एका क्लासला दोन-तीन पालक.

यातून निघालेल्या भानगडीला डायमंड प्रॉब्लेम म्हणतात. पुस्तकात चौकटीचं चित्र काढून शिकवतात. आपल्याकडे चित्राची गरज नाही, मामाच्या मुलीशी लग्न पुरेसं आहे. समजा बाबांनी मामाच्या मुलीशी लग्न केलं. मग बाबांच्या आईचे वडील आणि आईच्या वडिलांचे वडील हा एकच माणूस. दोन्ही वाटांनी वर गेलात तरी तुम्ही त्याच पणजोबांपाशी पोचता. आता पणजोबांचं घर तुम्हाला एक मिळणार की दोन? आणि दोन्ही घराण्यांनी त्या घरात आपापले बदल केले असतील तर कोणते खरे? सी++ चं सरळ उत्तर आहे: काही सांगितलं नाही तर दोन प्रती मिळतील. एकच हवी असेल तर व्हर्च्युअल हा शब्द लिहा, आणि तोही पोरांनी लिहून उपयोग नाही, आई-बाबांच्या पिढीत लिहिलेला हवा. पुढे कुणाचं कुणाशी जमणार हे त्यांना आधीच कळायला हवं! भाषेच्या नियमांनी हे सुटतं, पण वाचणाऱ्याचं डोकं मात्र सुटत नाही.

नीट बघा, ही भांडणं घरावरून होतात, कार्डावरून नाही. दोन रेशनकार्डांवर ‘तांदूळ मिळेल’ असं एकच वाक्य असलं तर काही बिघडत नाही. वचन दोनदा दिलं तरी ते एकच वचन असतं. घर दोनदा दिलं की प्रश्न येतो.

हा फरक सर्वांत स्वच्छ मांडला बार्बरा लिस्कोव्ह यांनी. एमआयटीत त्या सत्तरच्या दशकात सीएलयू नावाची भाषा बनवत होत्या. तिच्यात क्लासची वंशावळ नव्हती. आतला कोड झाकायचा आणि बाहेर फक्त काय करता येतं ते दाखवायचं, यावर भर होता. १९८७ मध्ये ऑर्लँडोला ऊप्सला परिषदेच्या बीजभाषणात त्यांनी म्हटलं ते थोडक्यात असं: कोड वाटून घेणं ही लिहिणाऱ्याची आतली सोय आहे. एक प्रकार दुसऱ्याच्या जागी चालतो का, हा वापरणाऱ्याचा प्रश्न आहे. आणि ‘चालतो’ म्हणजे नुसती मेथडची नावं जुळून भागत नाही, वागणं जुळायला हवं. १९९४ मध्ये जेनेट विंग यांच्यासोबत त्यांनी हे गणिताच्या काटेकोरपणे लिहिलं. हा वागण्याचा मुद्दा बाजूला ठेवा, शेवटी लागेल.

गाठ प्रत्यक्ष भाषेत सोडवली ती दोन टप्प्यांत. आधी ऑब्जेक्टिव्ह-सी भाषेत प्रोटोकॉल आले, स्टीव्ह जॉब्सच्या नेक्स्ट कंपनीत. प्रोटोकॉल म्हणजे फक्त मेथडची यादी, आत कोड नाही. मग १९९१ पासून सन मायक्रोसिस्टिम्समध्ये जेम्स गॉस्लिंग आणि मंडळी जी भाषा बनवत होती, तिने ही कल्पना उचलली आणि तिला नाव दिलं इंटरफेस. १९९५ मध्ये ती भाषा जावा म्हणून जाहीर झाली. घर एकाच पालकाकडून, कार्डं हवी तेवढी. इंटरव्ह्यूतलं ते पाठ केलेलं वाक्य म्हणजे मामाच्या मुलीच्या लग्नावर काढलेला तोडगा आहे.

पण सवय जात नाही. खुद्द जावाच्या पहिल्या आवृत्तीत स्टॅक नावाचा क्लास आहे. स्टॅक म्हणजे खानावळीतल्या ताटांची चळत: वर ठेवायचं, वरूनच काढायचं. लिहिणाऱ्याने बघितलं, यादी सांभाळणारा व्हेक्टर नावाचा क्लास तयार आहे, तोच एक्स्टेंड करू. कोड वाचला. पण व्हेक्टरच्या सगळ्या मेथड वारशात आल्या, त्यात ‘मधे कुठेही घुसव’ ही सुद्धा! त्यामुळे जावाच्या चळतीत आजही मधूनच ताट सरकवता येतं. काढून टाकता येत नाही, कारण जगभर कुणीतरी त्यावर विसंबून असणार. जावाची अधिकृत कागदपत्रंच सुचवतात की चळत हवी असेल तर डेकवाली मंडळी वापरा.

आता पुन्हा दहिसरला येऊ, कारण तिथे २०२४ मध्ये या सगळ्याची सरळ परीक्षाच झाली.

१४ ऑक्टोबर २०२४ ला राज्य मंत्रिमंडळाने ठरवलं की मुंबईच्या वेशीवरच्या ५ नाक्यांवर, म्हणजे दहिसर, मुलुंडचे दोन, ऐरोली आणि वाशी इथे, हलक्या वाहनांना टोल नाही. त्या रात्री बारापासून लागू. यासोबत एसटीच्या बस आणि शाळेच्या बस यांनाही सूट. बातमी म्हणून आपण वाचली आणि खूश झालो. पण प्रोग्रामर म्हणून बघा. तुमच्या कोडमध्ये वाहन हा वरचा क्लास आहे. त्याखाली हलकं आणि जड. जडाखाली ट्रक, बस. टोलचा दर जडावर लिहिलेला, तो बसला वारशाने आला. आणि आता एसटी आणि शाळेची बस या दोन फांद्यांवरच्या पानांना शून्य. म्हणजे माफी ही वंशावळीच्या आडवी गेली. थोडी डावीकडची फांदी, थोडी उजवीकडची पानं.

ओव्हरराइड करून भागेल, म्हणाल. भागेल. पण ‘टोल कुणाला माफ आहे?’ या साध्या प्रश्नाचं उत्तर आता तीन फाइलींत विखुरलं. त्याहून वाईट म्हणजे शाळेची बस ही जातच नाही, ते काम आहे. सोमवार ते शुक्रवार मुलं नेणारी बस रविवारी विरारला लग्नाचं वऱ्हाड घेऊन निघाली तर? गाडी तीच, चाकं तेवढीच. जावात ऑब्जेक्टचा क्लास जन्मानंतर बदलता येत नाही. मग माफी बसला की शाळेला?

इथे नुसता इंटरफेस लावूनही पुरतं सुटत नाही, कारण तोही क्लासलाच चिकटलेला असतो. इथे लागतं ते १९९४ च्या ‘डिझाइन पॅटर्न्स’ पुस्तकातलं सूत्र. गामा, हेल्म, जॉन्सन आणि व्लिसिडीस या चौघांचा त्यात एक आग्रह होता की वारशापेक्षा जोडणीला पसंती द्या. म्हणजे बस ‘टोलमाफ असते’ असं लिहायचं नाही, बसपाशी ‘परवाना असतो’ असं लिहायचं. परवाना ही वेगळी वस्तू. आज लावा, रविवारी काढा. परवाना कसाही बनवा, पण ‘दर किती?’ विचारलं की उत्तर देणारा हवा. तो झाला इंटरफेस.

आणि नाक्यावर असं काही आधीपासून आहेच की, काचेवर चिकटवलेलं. फास्टॅग. राष्ट्रीय महामार्गांवर तो १५ फेब्रुवारी २०२१ च्या मध्यरात्रीपासून सक्तीचा झाला. वरचा रीडर गाडीला ‘तू कुणाची?’ असं विचारत नाही, तो टॅग वाचतो. टॅग कुठल्या बँकेचा, आत कुठलं सॉफ्टवेअर, त्याला पर्वा नाही, मधे एनपीसीआयची व्यवस्था योग्य बँकेपर्यंत निरोप पोचवते. गंमत म्हणजे त्या टॅगमध्ये वाहनाचा वर्ग लिहिलेला असतो, दर त्यावर ठरतो. म्हणजे वंशावळ गेली नाही. ती गाडीच्या हाडांतून निघून काचेवरच्या माहितीत आली. मला हे ऑस्लोच्या त्या पुलाचं सर्वांत नीटस उत्तर वाटतं, ५० हून जास्त वर्षांनी आलेलं.

एनपीसीआयचं नाव निघालंच आहे तर तुमच्या खिशातल्या इंटरफेसकडे वळू. वांद्रे-कुर्ला संकुलातली ही संस्था, २००८ मध्ये स्थापन झालेली. ११ एप्रिल २०१६ ला मुंबईत रघुराम राजन यांच्या हस्ते यूपीआयची सुरुवात झाली. यातलं शेवटचं अक्षर म्हणजे इंटरफेसच. त्याआधी वॉलेटं होती, आणि एका वॉलेटमधले पैसे दुसऱ्यात जात नव्हते. प्रत्येकाचं स्वतंत्र घराणं. यूपीआयने बँकांना ‘सगळे एकच सॉफ्टवेअर वापरा’ म्हटलं नाही, ते कधी झालंच नसतं. स्टेट बँकेचं आतलं काम टीसीएसच्या बँक्सवर चालतं, आयसीआयसीआयचं इन्फोसिसच्या फिनॅकलवर, आणखी कुणाचं आणखी वेगळं. त्यांना एवढंच सांगितलं की या या निरोपांना या या स्वरूपात उत्तर द्या.

एक ठिकाण मात्र वेगळं आहे. पिन टाकायचं पान आठवा. अॅप कुठलंही असो, ते पान सारखंच दिसतं, कारण ते अॅपवाल्यांनी लिहिलेलंच नसतं. तिथे एनपीसीआयची सामाईक लायब्ररी बसवावी लागते. बाकी सगळीकडे ‘वचन पाळा, कोड तुमचा’ आणि पिनपाशी ‘कोड आमचाच’. जिथे एकाची चूक सगळ्यांना भोवेल तिथे त्यांनी कोड वाटला, आणि जिथे प्रत्येकाची परिस्थिती वेगळी तिथे फक्त वचन. इंटरव्ह्यूत मी हे उदाहरण दिलं असतं तर बरं झालं असतं, पण तेव्हा सुचलं नव्हतं.

आता इंटरफेसचीही किंमत सांगतो, नाहीतर वाटेल की वारसा वाईट आणि इंटरफेस देव. पहिली किंमत: वचन दिलं की दिलं. जावाच्या कलेक्शन इंटरफेसमध्ये एक नवी मेथड घालायची तर तो पाळणारा जगातला प्रत्येक क्लास मोडणार. म्हणून मार्च २०१४ च्या जावा ८ मध्ये डिफॉल्ट मेथड आल्या, म्हणजे इंटरफेसमध्येच थोडा तयार कोड. कार्डासोबत पुन्हा छोटी खोली! आणि खोली आली की मामाच्या मुलीचा प्रश्नही परत. दोन इंटरफेसमधून एकाच नावाची डिफॉल्ट मेथड आली तर जावा कंपाइल करायला नकार देते, म्हणते, कोणती ते तूच सांग.

दुसरी किंमत म्हणजे तो बाजूला ठेवलेला लिस्कोव्ह यांचा मुद्दा. १२ एप्रिल २०२५, शनिवार. यूपीआय अडखळलं. लोक दुकानांत फोन उंचावून उभे. एनपीसीआयने नंतर कारण दिलं ते असं की व्यवहाराचं काय झालं हे विचारणाऱ्या विनंत्यांचा काही बँकांकडून मारा झाला. ‘स्थिती विचार’ ही मेथड इंटरफेसमध्ये होती. विचारणाऱ्यांनी नाव बरोबर वापरलं, स्वरूपही बरोबर. पण किती वेळा, आणि दोन विचारण्यांमध्ये किती थांबून, हे पाळलं गेलं नाही. मेथडची सही जुळली, वागणं जुळलं नाही. १९८७ चं भाषण, ३८ वर्षांनी, वडापावच्या गाडीसमोर.

बर्ट्राँ मेयर यांनी ऐंशीच्या दशकातच आयफेल भाषेत अशा अटी कोडमध्येच लिहायची सोय केली होती: बोलावण्याआधी हे खरं असलं पाहिजे, परतताना ते. जावाने ती घेतली नाही, आपल्या रोजच्या बहुतेक भाषांनीही नाही. त्यामुळे १ ऑगस्ट २०२५ पासून एका अॅपमधून दिवसाला फार तर ५० वेळा शिल्लक तपासता येते, आणि व्यवहाराची स्थिती विचारण्यावरही मर्यादा आहेत, हे तुम्हाला कुठल्याही मेथडच्या सहीत दिसणार नाही. ते एनपीसीआयच्या परिपत्रकात आहे.